जावाजावांचं पुस्तक

आमच्या आक्का पुस्तकं वाचत नसत, निवडत. अगदी तांदूळ निवडतात तसं. पाटावर बसायच्या, पुस्तक मांडीवर घ्यायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायच्या आणि पानं अशी चिवडायच्या, की आता खडा सापडणारच. आणि तो सापडायचा. गंमत अशी, की ही सगळी पुस्तकं इंग्रजी होती आणि आक्कांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. संगणकातलं तर त्याहून कमी येत होतं. तरीसुद्धा ज्या कामावर आज माझं पोट चालतं, ते शिकवणारी पुस्तकं मला आक्कांनीच निवडून दिली. एक पुस्तक तेवढं मी त्यांना न विचारता आणलं, आणि त्यानं आमचं घर चार दिवस धुमसत ठेवलं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर म्हसवडचं, शिक्षण सातवी, देह भरदार, आवाज त्याहून भरदार. थोरले दीर फौजेत, कायम कुठल्या तरी सरहद्दीवर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळं कराडजवळच्या आमच्या मळ्यातलं घर, ऊस, म्हशी आणि मामंजी, सगळं आक्कांच्या हाताखाली होतं. मी सांगलीची, बी. एस्सी. झालेली, भाकरी वातड करणारी. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "सांगली, चहा टाक." "सांगलीला वांगं आवडत न्हाई, तिला पिठलं वाढा." आख्खा जिल्हा घरात राबतोय असं वाटायचं.

त्यांचा एक नियम फार कडक होता. घरातून निघणाऱ्यानं "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. आणि निरोप देणाऱ्यानं "जावा" म्हणायचं नाही, "या" म्हणायचं. हे पुष्कळ घरांत असतं, पण आक्का ते पोस्टमनलाही लावत. वीज तोडायला आलेल्या वायरमनलासुद्धा त्यांनी एकदा सवयीनं "या" म्हटलं, आणि तो पुढच्या महिन्यात खरंच आला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचे हे कराडच्या एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये होते. तिथून मोडीत निघालेला एक संगणक त्यांनी घरी आणला आणि दुरुस्त केला. आक्कांनी त्याला गोधडीच्या कापडाचं झाकण शिवलं. मामंजी त्याला "पेटारं" म्हणत. लग्नाआधी दोन वर्षं मी नोकरीसाठी अर्ज करून करून दमले होते. शिकून रिकामं बसलं की माणूस स्वतःलाच नकोसा होतो, तसं माझं झालं होतं. अशात सांगलीहून वडिलांचा निरोप आला. त्यांच्या ओळखीच्या हळदीच्या एका व्यापाऱ्याला इंटरनेटवर आपल्या पेढीचं पान हवं होतं. दसऱ्याला तयार पान दाखवलं आणि पसंत पडलं, तर पुढचं सगळं काम माझं.

मला ते काम हवं होतं. पोटातून हवं होतं. मामंजींनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला, "दसऱ्यापतूर काय ते कर. न्हाई जमलं, तर पेटारं माळ्यावर आन् तू मळ्यात."

कराडच्या क्लासमध्ये टायपिंग आणि हिशेब शिकवत. वेबपेज कसं करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे पुस्तकावरून आपलं आपण शिकणं आलं, आणि पुस्तक सांगलीत. आक्का म्हणाल्या, "मीबी येते. बाजारात एकटीनं गेलं की फसवत्यात."

सांगलीचा दुकानदार मोठा बोलका. त्यानं एचटीएमएलची, म्हणजे वेबपेज लिहायच्या भाषेची, चार पुस्तकं पुढ्यात टाकली आणि सर्वांत जाड पुस्तकावर थाप मारून म्हणाला, "हे घ्या बाई. हे अमेरिकेत शिकवतात."

"मग तितंच ऱ्हाऊ द्या," आक्का म्हणाल्या, आणि दुकानातच बैठक मारून त्यांनी निवडायला सुरुवात केली. पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान त्यांनी बघितलंच नाही. "पोत्याच्या तोंडाशी समदेच चांगला माल ठेवत्यात. मधी हात घालावा," म्हणत त्यांनी बरोबर मधे उघडलं आणि मला म्हणाल्या, "हितनं वाच." मी चार ओळी वाचल्या, तेवढ्यात त्यांनी ते मिटून ठेवलं. दुसऱ्या पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा फोटो होता. तो त्यांनी लांब धरून पाहिला आणि पुस्तक बाजूला ठेवलं. "ह्यो गडी घरात पाणीबी हातानं घेत नसंल. ह्यो काय शिकवतोय!" तिसऱ्यात मी मोठ्यानं वाचता वाचता अडखळले. आक्कांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, की पुढचं उदाहरण वाचकानं स्वतःच पूर्ण करावं असं लिहिलंय. "बघ! जिन्नस सांगितलं आन् तांदूळ किती दिस भिजवायचं ते लपवलं. आमच्या म्हसवडला एक बाई अशीच हुती. तिच्या हातचे अनारसे तिच्याबरोबरच गेले." तिसरंही बाद झालं.

चौथं पुस्तक बारकं होतं. मी मधलं पान वाचायला लागले. आक्का पुस्तकाकडं बघतच नव्हत्या. दोन परिच्छेद झाल्यावर त्या उठल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "ह्ये बांधा."

"पण आक्का, तुम्ही तर बघितलंच नाही."

"पुस्तक कशाला बघू? मी तुजं त्वांड बघतीया. आदी वाचलंस त्या दोन्ही येळेला तुज्या कपाळाला आठ्या हुत्या. ह्या येळेला मान डोलत हुती."

नंतर मी पुस्तकं कशी निवडावीत यावर भल्याभल्यांची मतं ऐकली. कुणी सूची बघा म्हणतं, कुणी आवृत्ती बघा म्हणतं. वाचणाऱ्याचं तोंड बघा, असं सांगणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही.

एचटीएमएल मला त्या बारक्या पुस्तकानं शिकवलं, पण तपासलं आक्कांनी. त्यात प्रत्येक गोष्ट एका खुणेनं उघडायची आणि तिरकी रेघ घातलेल्या दुसऱ्या खुणेनं मिटायची. आक्कांना हे भलतंच पटलं. डबा उघडा टाकला की त्यांचा पारा चढायचाच. एकदा माझ्या पानावरची सगळी अक्षरं ठळक झाली आणि मला काही केल्या चूक सापडेना. आक्का भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आल्या. "समदं पान आरडाया लागलंय गं," म्हणाल्या आणि पडद्यावर बोट फिरवत खाली गेल्या. "ह्ये उघडलं, ह्ये मिटलं. ह्ये उघडलं... ह्येचं झाकाण कुटं हाय?" खरंच नव्हतं. मी झाकण घातलं, पान शांत झालं. पडद्यावरचं पीठ मात्र दोन दिवस निघालं नाही.

गाडी सुरळीत चालली होती. मग व्यापाऱ्याचा फोन आला, की पानावर मागणीचा तक्ता पाहिजे. नाव, गाव, कुठली हळद, किती पोती. आणि गिऱ्हाइकानं पोत्यांचा रकाना रिकामा सोडला तर त्याला पुढं जाऊ द्यायचं नाही, तिथंच अडवायचं. मी चौकशी केली तेव्हा कळलं, की त्याला जावास्क्रिप्ट नावाची भाषा लागते. तोवर मला थोडी शिंगं फुटली होती. हे कॉलेजच्या कामासाठी पुण्याला निघाले होते, तेव्हा मी तोऱ्यात सांगितलं, "येताना जावाचं एक पुस्तक आणा. चांगलं जाडजूड." आक्कांना विचारलं नाही. दर वेळी काय त्यांना विचारायचं, असं वाटलं होतं.

पुस्तक आलं ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं. मागच्या पुठ्ठ्यात एक चकचकीत सीडीसुद्धा होती. मी त्यात तीन आठवडे बुडाले. काही म्हणता काही जमेना. तेव्हा मी एक वही केली, सुवाच्य अक्षरात वर लिहिलं "जावा", आणि खाली दोन रकाने आखले, "दोष" आणि "उपाय".

आता ही वही मी संगणकापाशी न ठेवता फडताळात मिठाच्या बरणीशेजारी का ठेवली, ते मला आजही सांगता येणार नाही.

एका सकाळी आक्का मला म्हणाल्या, "आवं, चहा घेता न्हवं?" मी मागं वळून बघितलं, कुणी पाहुणे आलेत की काय. कुणी नव्हतं. ते "आवं" मलाच होतं. सांगली नकाशावरून पुसली गेली आणि तिच्या जागी "धाकल्या बाईसाहेब" आल्या. "जेवा बाईसाहेब." "आमाला काय कळतंय बाईसाहेब." चार दिवस मी जीव मुठीत धरून होते. चौथ्या दिवशी कराडला निघाले आणि उंबऱ्यातून म्हणाले, "आक्का, येते हं."

आतून आवाज आला, "जावा."

माझा पाय हवेतच राहिला. वायरमनला "या" म्हणणारी बाई मला "जावा" म्हणाली होती. मी चपला काढल्या आणि आत गेले. "आक्का, माझं काय चुकलं?"

त्याचीच वाट बघत असल्यासारख्या त्या उठल्या. एका हातात वही, दुसऱ्या काखेत ते जाड पुस्तक. "मामंजी, या हिकडं! तुमच्या धाकल्या सुनंनं माज्यावर लिवलंय. ऐका." आणि ओळीवर बोट ठेवून, सातवीतल्या धड्यासारखं त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"जावा. दोष एक. सुरू व्हायला फार वेळ घेते. उपाय, तोवर आपलं दुसरं काम उरकावं. दोष दोन. चूक एकीकडे आणि बोंब दुसरीकडे. उपाय, मुकाट्यानं वरपासून परत बघावं. दोष तीन. लहान कोण, मोठं कोण याबाबत फार हटवादी. उपाय, सांभाळून घ्यावं." इथं त्यांचा आवाज चिरकला. "दोष चार. जागा फार अडवते." त्यांनी स्वतःकडं एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं. "उपाय, आपल्याकडे नाही. दोष पाच. एकदा सुरू झाली की थांबतच नाही. उपाय, मुख्य बटण बंद करावं. मुख्य बटण! म्हंजी माजा गळा दाबावा व्हय गं?"

खरं तर एका जावेबद्दल लिहिताना "जाऊ" म्हणतात, "जावा" हे अनेकवचन झालं. पण रागाला व्याकरण नसतं, आणि ते सांगायची ती वेळही नव्हती.

"आन् ह्ये येवढं पुरलं न्हाई म्हनून छापील बुकबी काडलंय," आक्कांनी ते धूड मामंजींच्या पुढ्यात आदळलं. वरच्या इंग्रजी नावाखाली माझ्याच हातचं मराठी लेबल होतं, "जावा". मामंजींनी पुस्तक हातानं तोललं आणि मान हलवली. "लय लिवलंय."

"अगं, दोन वर्सं न्हाई झाली तुला ह्या घरात येऊन. दोन वर्सांत येवढं केलं मी तुला?" आणि आक्का रडायलाच लागल्या.

त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघितलं, आणि मलाही रडू आलं. दोघी रडत असतानाच मी सांगत होते, की जावा हे एका भाषेचं नाव आहे, संगणकाची भाषा आहे, आणि लहान-मोठं म्हणजे इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं. आक्का म्हणाल्या, "भाषंचं नाव कोण जावा ठेवतंय? उद्या नणंद ठेवतील." शेवटी मी त्यांना हाताला धरून संगणकापाशी नेलं. मामंजीही खुर्ची ओढून बसले. मी जावा सुरू केली. आम्ही वाट बघितली. मामंजींचं पान खाऊन झालं, तरी पडद्यावर काही नाही.

"दोष एक," मामंजी म्हणाले.

मग पडद्यावर चूक आली. बाराव्या ओळीत गडबड आहे म्हणे. बारावी ओळ सोन्यासारखी होती, अर्धविराम राहिला होता अकरावीत. ते मी दाखवलं, तसं आक्कांचं पोट हलायला लागलं. "चूक हिकडं, बोंब तिकडं," म्हणत त्या इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. मामंजी पाणी आणायला उठले. ते स्वतःच्या हातानं पाणी घेताना मला तेव्हाच पहिल्यांदा दिसले.

हसू ओसरल्यावर आक्का डोळे पुसून म्हणाल्या, "पर त्या हळदवाल्याला हीच जावा पायजे न्हवं? आन् हे बुक कुणी निवडलं? वाच बघू." त्यांनी पुस्तक मधे उघडलं. मी वाचलं. "आठ्या," आक्का म्हणाल्या. त्यांनी दुसरीकडं उघडलं. "आठ्याच. आता पयलं पान वाच. तोंडाशी तरी माल बरा हाय का बघू."

पहिलं पान मी गर्वापायी कधी वाचलंच नव्हतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत, नावावरून गफलत करू नका.

"काय झालं? तुजं त्वांड पडलं."

मी सांगितलं. तीन आठवडे गेले होते आणि दसऱ्याला पंधरा दिवस उरले होते. आक्कांनी ते पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी ह्या दोगी जावाजावाच की गं. आडनाव एक झालं, म्हनून म्हायेर एक असतंय व्हय? तुला सांगलीची पायजे हुती आन् तू म्हसवडची घेऊन बसलीस." या दोन भाषांमधला फरक मी पुढं अनेकांना समजावला. याहून सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीत. यावेळी आक्का दुकानात गेल्याच नाहीत. जुन्या पुस्तकांच्या गाड्यापाशी उभ्या राहिल्या. इंजिनिअरिंगची मुलं गाव सोडताना पुस्तकं तिथं टाकून जात. जावास्क्रिप्टची तीन पुस्तकं निघाली. पहिलं कोरं करकरीत होतं. "ह्याला कुणी हातबी लावला न्हाई." दुसरं सुरुवातीला मळकं आणि पुढं स्वच्छ. "ह्यो मधीच पळाला." तिसऱ्यावर चहाचे डाग होते, तेलाचे डाग होते, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि शेवटच्या पानावरसुद्धा एक पिवळा ठिपका होता. आक्कांनी तो नखानं खरवडून वास घेतला. "वडापाव. ह्यो शेवटपतूर गेला. डाग असलेल्या पानावर कुणीतरी रांधलेलं असतंय, सांगली."

चार दिवसांनी त्यांनी मला "सांगली" म्हटलं होतं. मी गाड्यापाशीच डोळे पुसले आणि गाडेवाल्याला वाटलं, मला पुस्तक महाग वाटलं.

ते डागाळलेलं पुस्तक मी पंधरा दिवसांत पालथं घातलं. जाड पुस्तक लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसलं आणि त्याची सीडी पेरूच्या झाडाला टांगली गेली. पोपट यायचे बंद झाले. आधीच्या वर्षांपेक्षा त्या वर्षी आम्ही जास्त पेरू खाल्ले, म्हणजे ते पुस्तक अगदीच वाया गेलं असं नाही. तक्त्यात अडवल्यावर गिऱ्हाइकाला काय म्हणायचं, ते मी आक्कांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "नीट सांगायचं. आदी किती पायजे ते सांगा, मग पुडं जावा." संगणकावर मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून मी तेच वाक्य इंग्रजी लिपीत घातलं. "रिकाम्या रकान्यावर कुणालाबी सोडू नगंस हां," आक्कांनी बजावलं. "जावई असला तरी न्हाई."

दसऱ्याला मी, आक्का आणि ते पान भरून घेतलेली फ्लॉपी व्यापाऱ्याच्या पेढीवर पोचलो. फ्लॉपीला आक्कांनी खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं होतं. ते मी एसटीत फुंकून काढलं. व्यापाऱ्यानं पान बघितलं, हळदीचं चित्र बघितलं, मग तक्त्यात नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि पोत्यांचा रकाना मुद्दाम मोकळा सोडून बटण दाबलं. चौकट आली. ती तो मोठ्यानं वाचायला लागला. शेवटच्या शब्दावर थांबला, आणि त्याचा चेहरा फुलला.

"जावा! अरे वा! पुतण्या म्हणत होता, पानात जावा असली म्हणजे एक नंबर काम. तुमच्याकडे जावा आहे का?"

मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. आक्का माझ्याआधी बोलल्या.

"दोन हायेत की. ह्या काय, म्होरं बसल्यात."

पेढीवरचे हमालसुद्धा हसले. काम मला मिळालं. मामंजींनी पेटाऱ्याला नवं टेबल करून दिलं.

हळदीपाठोपाठ बेदाणा आला, मग गुळाच्या पेढ्या आल्या. आणि दोन वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. मला, यांना नव्हे. हे म्हणाले, मीही तिकडंच काही बघतो. आक्का तीन दिवस चिवडा, चटण्या आणि लोणचं करत राहिल्या. मला जायचं होतं आणि आक्कांना सोडून जायचं नव्हतं. दोन्ही सारखंच खरं होतं.

कराडच्या स्टँडवर एसटी सुटताना त्या खिडकीशी आल्या आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "जावा."

कंडक्टर चपापला. "आवं मावशी, जाताना असं म्हनत्यात व्हय?"

"तिला कळतंय," आक्का म्हणाल्या.

मी ओरडले, "येते, आक्का!" पण गाडी निघाली होती.

पुण्यात लोणच्याची बरणी उघडताना तिच्या फडक्याखाली ती वही सापडली. माझ्या पाच दोषांच्या खाली, आक्कांच्या सातवीतल्या अक्षरात सहावा लिहिलेला होता. "जावा. दोष सहा. लांब जाते."

पुढं "उपाय" लिहून त्यांनी रेघ मारली होती. तो रकाना रिकामा होता. रिकाम्या रकान्यावर जावयालाही सोडू नकोस म्हणणाऱ्या आक्कांनी मला मात्र पुढं जाऊ दिलं होतं.